१९७२ : मराठी साहित्याच्या जमाखर्चातील एक वर्ष

वर्षावासाचे दिवस होते. आमच्या वस्तीतील विहारात रविवारचे ग्रंथवाचन आटोपले, खीर वाटून झाली आणि आयाबाया चपला शोधू लागल्या. तेवढ्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली आमच्या गल्लीतील एक मुलगी वही घेऊन पुढे आली. म्हणाली, "काका, तुम्ही भाषणात नेहमी सालं सांगता. सत्तावीस साल महाडचं, तीस साल काळारामाचं, छप्पन साल नागपूरचं. पुस्तकांचं असं एखादं साल आहे का आपलं?"

मी कारकून माणूस. शिक्षण बी.कॉम. आकडे तोंडपाठ असतात, पण या प्रश्नाने माझी पंचाईत झाली. मी 'बघून सांगतो' असे म्हणणार, तोच दारात उभे असलेले आमचे एक वयोवृद्ध बाबा, ज्यांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये गेली, ते मागे न वळताच बोलले, "बहात्तर. लिहून घे पोरी, बहात्तर साल." आणि छत्री उघडून चालू लागले.

माझा जन्म त्यानंतर आठ वर्षांनी झाला. आमच्या घरात बहात्तर साल म्हटले की दुष्काळच निघतो. मिलो नावाची ती लाल ज्वारी, खडी फोडायचे काम, सुकडी, कोरड्या विहिरी. आमची आई आजही भाकरी उरली तर 'बहात्तर आठवा' म्हणते. त्या सालात पुस्तकांचेही काही पीक आले होते, हे मी ऐकून होतो, पण कधी बसून हिशेब मांडला नव्हता. म्हटले, मांडून बघू. पुढचे आठ-दहा रविवार त्यातच गेले.

प्रथम सांगायचे ते हे की, त्या वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालेच नाही. १९६९ ला वर्ध्याला पु. शि. रेगे अध्यक्ष झाले, त्यानंतर एकदम १९७३ ला यवतमाळला ग. दि. माडगूळकर. मध्ये सारे सामसूम. म्हणजे मंडप नाही, पालखी नाही, अध्यक्षीय भाषण नाही. सरकारी हिशेबाने पाहिले तर वर्ष कोरडेच म्हणायचे. पण ज्या वर्षी सारस्वतांचा मांडव पडला नाही, त्याच वर्षी मराठी साहित्याच्या अंगणात जी माणसे शिरली, ती परत बाहेर गेली नाहीत!

आमच्या नाशिकपुरते बोलायचे तर त्या वर्षी २७ फेब्रुवारीला तात्यासाहेब शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, साठ वर्षांचे झाले. त्यांच्याविषयी आपल्या लोकांनी एक गोष्ट विसरू नये. १९३२ साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात हा कॉलेजचा पोरगा सामील झाला होता. पुढे १९६४ ला मडगावच्या संमेलनाचे अध्यक्षपद, १९७४ ला 'नटसम्राट'साठी साहित्य अकादमी, १९८७ सालचे ज्ञानपीठ असे सन्मान त्यांना मिळाले. त्यांचा जन्मदिवस आता मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो, ते योग्यच आहे. आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला याच जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा आणखी एक कवी पन्नास वर्षांचा झाला. त्याचे नाव वामन तबाजी कर्डक. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण त्याचा हिशेब सर्वांत अवघड आहे.

१९७२ चा मराठीचा साहित्य अकादमी पुरस्कार गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला मिळाला. ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींनी सावकार आणि जमीनदारांच्या वेठीविरुद्ध केलेल्या उठावाची ती हकिकत. एरवी पुरस्कार कथा-कादंबऱ्यांना, काव्याला, समीक्षेला मिळत. त्या वर्षी तो वेठबिगाराच्या घामाला मिळाला, असे मी म्हणतो. आमच्या विहाराच्या कपाटात या पुस्तकाची एक जीर्ण प्रत आहे. कुणी आणून ठेवली माहीत नाही. वाचून पहा, विशेषतः भगिनींनी. सुखवस्तू घरातील एक बाई डोंगरपाड्यावर जाऊन राहते, चालून चालून पाय फोडून घेते, आणि तिथली माणसे हळूहळू मान वर कशी करतात, ते त्यात साध्या भाषेत आहे.

मराठी रंगभूमीवर ते वर्ष विजय तेंडुलकरांचे. मार्चमध्ये 'सखाराम बाइंडर' आले. कमलाकर सारंग दिग्दर्शक, निळू फुले सखाराम आणि लालन सारंग चंपा. सेन्सॉरने हरकत घेतली, प्रकरण हायकोर्टात गेले आणि नाटक कोर्टातून सुटून आले. वर्ष सरता सरता १६ डिसेंबरला पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. जब्बार पटेलांनी बसवलेल्या त्या नाटकात पुण्याच्या ब्राह्मणांची आणि नाना फडणविसांची बदनामी आहे, असा गदारोळ होऊन थोड्याच प्रयोगांनंतर ते काही काळ थांबले. नाटकांवर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले. ते सगळे मी वाचले, आणि एक गोष्ट खटकली. याच तेंडुलकरांनी याच वर्षी एक प्रस्तावनाही लिहिली होती. पण त्या काळचे नाट्यसमीक्षक तिचा उल्लेखही करीत नाहीत. जणू तो लेखक वेगळा आणि हा वेगळा.

ती प्रस्तावना होती 'गोलपिठा'ची.

नामदेव ढसाळ तेव्हा तेवीस वर्षांचे होते. जन्म पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या पूर गावचा. बालपण मुंबईच्या ढोरचाळीत, वडील खाटकाकडे कामाला, स्वतः टॅक्सी चालवणारे. गोलपिठा म्हणजे कामाठीपुऱ्याच्या बाजूची वेश्यावस्ती. त्या वस्तीचे नाव एखाद्या कवितासंग्रहाला द्यावे, ही कल्पनाच तोवर मराठीत कुणाला शिवली नव्हती. तेंडुलकर मोठे लेखक, पण या कविता हातात पडल्यावर त्यांना कितीतरी शब्दच कळेनात. तेव्हा ढसाळांना सोबत घेऊन ते त्या वस्तीत हिंडले, शब्दांचे अर्थ विचारून घेतले आणि हे सारे त्यांनी प्रस्तावनेत प्रामाणिकपणे लिहूनही टाकले. मला याचे फार मोल वाटते. मराठीचा एक नामवंत लेखक, टॅक्सी चालवणाऱ्या पोराकडून मराठी शिकतो आहे! शाळेत आमच्या पिढीच्या 'व्हतं' आणि 'नव्हं'वर लाल शाई फिरवणाऱ्या गुरुजींना ही गोष्ट तेव्हा कुणी सांगायला हवी होती.

घरच्या पानावर लिहितो आहे म्हणून एक स्पष्ट सांगतो. 'गोलपिठा' घरात मोठ्याने वाचण्याचे पुस्तक नाही. मी कॉलेजात असताना ते उघडले आणि चार पानांवर मिटून ठेवले. लाज वाटली. पुढे नोकरीला लागल्यावर पुन्हा उघडले, तेव्हा लाज कुणाची वाटायला हवी होती ते कळले. ज्या बाईचे नाव कुठल्याच रजिस्टरात नाही, तिच्या बाजूने तो कवी उभा आहे. त्याची भाषा शिवराळ आहे, कारण तिला रोज ऐकावी लागते ती भाषा शिवराळ आहे. आपल्यातील काही वडीलधारे अजूनही त्या पुस्तकाला नाक मुरडतात. त्यांच्याशी मी भांडत नाही. फक्त एवढेच म्हणतो की, पूर्ण वाचून मग मुरडा.

आता त्या सालातील मे महिना. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात पाण्यावरून दोन दलित भगिनींची विटंबना झाली. पुणे जिल्ह्यातील बावड्याला आपल्या वस्तीवर बहिष्कार पडला. इलया पेरुमल समितीचा अहवाल दोन वर्षांपूर्वी आला होता, देशभरातील अत्याचारांची जंत्री त्यात होती. रिपब्लिकन पुढारी गटातटात अडकलेले. अशा वेळी २९ मे रोजी दलित पँथर उभी राहिली. ती उभी करणारे कोण? तर ज. वि. पवार आणि नामदेव ढसाळ. दोघेही कवी. पाठोपाठ राजा ढाले. तेही लेखक, अनियतकालिकांच्या चळवळीतले. अर्जुन डांगळे कवी आणि कथाकार. पहिला विचार कुणाच्या डोक्यात आला, नाव कुणी सुचवले, यावर पुढे शाईचे डबे रिकामे झाले. त्या वादात मी जात नाही. श्रेयाच्या भांडणाने आपल्या चळवळीचे जेवढे नुकसान केले तेवढे वैऱ्यानेही केले नाही. पण जगात अशी संघटना कुठे आहे मला सांगा, जिचे संस्थापक बहुतेक सगळे कवी आणि कथाकार होते आणि जिच्या नावाने गावच्या पाटलाला घाम फुटत होता?

मग आला १५ ऑगस्ट १९७२. स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव. पुण्याच्या 'साधना' साप्ताहिकाने विशेष अंक काढला, त्याचे संपादन अनिल अवचटांकडे होते. साने गुरुजींनी सुरू केलेले हे साप्ताहिक. त्या अंकात राजा ढाले यांचा लेख आला, 'काळा स्वातंत्र्यदिन'. राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर कायद्यात दंड किती आणि दलित स्त्रीच्या लुगड्याला हात घातला तर दंड किती, असा सरळ हिशेबच ढाल्यांनी मांडला. आकडे शेजारी शेजारी ठेवले. कारकून म्हणून मला हा लेख फार जवळचा वाटतो. कारण खाते उघडून दोन रकमा समोरासमोर लिहिल्या की लपवायला जागा राहत नाही. ध्वजाविषयी त्यांनी वापरलेले शब्द मात्र अतिशय जहाल होते आणि लोकांनी शब्द धरले, हिशेब सोडला. मोर्चे निघाले, निषेध झाले. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीनेही ढाल्यांवर टीका केली. याच दुर्गाबाई तीन वर्षांनी कऱ्हाडच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे बोलल्या, त्याबद्दल त्यांना माझे अभिवादन आहेच. पण बोलण्याचे स्वातंत्र्य कुणाच्या तोंडी आले म्हणजे ते शोभते, हा प्रश्न बहात्तर साली विचारला गेला होता आणि मला वाटते त्याचे उत्तर अजून यायचे आहे.

गंमत पहा, त्या गोंधळाने ढाल्यांचे आणि पँथरचे नाव महाराष्ट्रभर झाले. आमचे ते प्रेसमधले बाबा सांगतात की, त्या वेळी 'साधना'चा तो अंक एका हातातून दुसऱ्या हातात असा फिरला की घडीवर फाटून त्याचे चार तुकडे झाले. ज्यांना वाचता येत नव्हते ते देवळालीच्या एका चहाच्या टपरीवर बसून ऐकत. एक जण वाचायचा आणि दुसरा रस्त्यावर लक्ष ठेवायचा, साहेबाचा माणूस येतो का ते.

तिकडे सातासमुद्रापार त्याच वर्षी एक घटना घडली, ती मला अलीकडेच कळली. इंग्लंडमधील बुकर पारितोषिक नोव्हेंबर १९७२ मध्ये जॉन बर्जर या लेखकाला मिळाले. पाच हजार पौंड. पारितोषिक घेताना बर्जर म्हणाले की, हे पारितोषिक देणाऱ्या कंपनीचा पैसा वेस्ट इंडीज बेटांकडच्या उसाच्या मळ्यांतून आला आहे, तिथल्या माणसांच्या पिळवणुकीतून आला आहे. म्हणून त्यांनी अर्धी रक्कम लंडनच्या ब्लॅक पँथर चळवळीला देऊन टाकली. अमेरिकेत १९६६ साली ओकलंडला निघालेल्या ज्या ब्लॅक पँथरवरून आपल्या पोरांनी नाव घेतले, त्याच नावाची ही चळवळ. या दोघांना एकमेकांची खबर असेल नसेल. पण एका सालात मुंबईच्या गल्लीत कवी पँथर होतात आणि लंडनच्या मेजवानीत एक लेखक पँथरला अर्धे ताट वाढून देतो, हे मला लिहून ठेवावेसे वाटले.

आता घराजवळ येऊ. बाबुराव बागूल हे नाव नाशिककरांना सांगायला नको, पण नवीन पोरांना सांगावेच लागते. काळारामचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि त्याच वर्षी १७ जुलैला बाबुराव विहितगावला जन्मले. दहाव्या वर्षी मुंबईला, माटुंगा लेबर कॅम्पात. पुढे रेल्वेची नोकरी, सुरतेला खोली मिळावी म्हणून लपवावी लागलेली जात, आणि त्यातून १९६३ चे 'जेव्हा मी जात चोरली होती'. १९६९ ला 'मरण स्वस्त होत आहे'. बहात्तर साली ते बेचाळीस वर्षांचे होते आणि तेवीस-पंचवीसची ही सगळी पोरे त्यांना आपला वडील भाऊ मानीत होती. पाया त्यांनी खोदला होता. शेवटी ते नाशिकलाच आले आणि २६ मार्च २००८ ला इथेच गेले. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने त्यांच्या नावाने नवोदित कथाकारासाठी पुरस्कार ठेवला, ही चांगली गोष्ट. त्यांची पुस्तके वाचनालयात मिळतात का, ही मात्र दुसरी गोष्ट.

ती दुसरी गोष्ट सांगतोच. हा हिशेब मांडताना मी शहरातील एका जुन्या वाचनालयात गेलो. नाव घेत नाही. कार्डावर 'गोलपिठा' होते, क्रमांक होता. शिपाई जाऊन आला, म्हणाला, "वाचकाकडे आहे." मी म्हटले, कधी नेले? रजिस्टर काढले. नेल्याला एकवीस वर्षे झाली होती! परत करायचे सदस्याने मनावर घेतले नाही, मागायचे वाचनालयाने मनावर घेतले नाही. बागुलांचे एक पुस्तक 'बांधणीला गेले' होते. मी काउंटरवर विचारले की, बांधणीला गेलेले पुस्तक परत येते का हो? बाई हसल्या. त्या बिचाऱ्या माझ्यासारख्याच कारकून, त्यांना काय दोष देणार? पण नोंद आहे आणि वस्तू नाही, याला आमच्या खात्यात तूट म्हणतात आणि ती कुणाच्या तरी पगारातून वसूल होते.

आणखी एक तूट आहे, ती आपल्या स्वतःच्या घरातली. बहात्तर सालच्या नावांची यादी मी त्या मुलीला वाचून दाखवली. ढसाळ, ढाले, पवार, डांगळे, बागूल, रेल्वेत हिशेबतपासणी करता करता लिहिणारे दया पवार, औरंगाबादला 'अस्मितादर्श' चालवणारे गंगाधर पानतावणे. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "काका, यात एक पण बाई नाही." मी गप्प! बायका लिहीत नव्हत्या का? फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या छोट्याशा किराणा दुकानात बसून, पुड्या बांधायच्या रद्दीतले कागद वाचता वाचता लिहू लागल्या होत्या. त्या वह्या त्यांनी नवऱ्याच्या भीतीने जवळजवळ वीस वर्षे लपवून ठेवल्या. १९८२ ला 'स्त्री' मासिकात ते लिखाण येऊ लागले आणि १९८६ ला 'जिणं आमुचं' पुस्तक झाले. म्हणजे ज्या वर्षी आमचे कवी सभा गाजवीत होते, त्या वर्षी त्या वह्या फलटणच्या कुठल्या तरी फळीवर दडलेल्या असणार. आणि दडवल्या कुणापासून? तर आपल्याच माणसापासून. शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा'ही १९८६ चेच. बहात्तरच्या खात्यावर ही चौदा वर्षांची उधारी आहे आणि ती प्रस्थापितांच्या नावावर टाकता येणार नाही.

राहिले वामनदादा. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म. तरुणपणी मुंबईत कुणीतरी पत्र वाचायला दिले आणि वाचता येईना, म्हणून ढसाढसा रडले. मग एका मास्तरांकडून बाराखडी गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरे जुळवली. १९४३ ला पहिले गाणे रचले आणि तिथून मरेपर्यंत, म्हणजे १५ मे २००४ पर्यंत, गावोगाव गात राहिले. 'साधना'चा तो अंक ज्या दिवसाचा, त्याच दिवशी त्यांना पन्नास वर्षे पूर्ण झाली. तोवर त्यांची गाणी हजारो तोंडी होती. 'वाटचाल' हा संग्रह आला तो पुढच्या वर्षी, १९७३ ला. मग बहात्तरच्या साहित्याच्या हिशेबात त्यांना कुठे लिहायचे? पुस्तक नाही, पुरस्कार नाही, परीक्षण नाही. आपल्या दलित साहित्याच्या समीक्षकांनीसुद्धा कवितेला खुर्ची दिली आणि गाण्याला सतरंजी दिली. आणि खरे सांगायचे तर 'गोलपिठा' ज्या आया-आज्यांपर्यंत कधी पोहोचला नाही, त्यांच्यापर्यंत बाबासाहेब पोहोचवले ते त्या सतरंजीवरच्या माणसाने.

हे सगळे मी त्या रविवारी विहारात मांडले. मांडून झाल्यावर मागे बसलेल्या एका आजींनी हात वर केला. वय पंच्याऐंशीच्या घरात. म्हणाल्या, "दादाला मी ऐकलंय ना बाबा. दुष्काळात. आम्ही सिन्नरकडं खडी फोडायला व्हतो. रातच्याला बत्ती लावून गायला उभा ऱ्हायला. दिसभर हात सोलवटलेले, पण बाया उठून गेल्या नाहीत."

मुलीने लगेच विचारले, "आजी, कोणतं गाणं?"

आजींनी सुरुवात केली. आवाज थरथरत होता, पण चाल पक्की. शेजारच्या दोघी-तिघी टाळ्या धरू लागल्या. पहिले कडवे झाले, दुसरे झाले. मी दादांचे जे संग्रह पाहिले आहेत त्यांत हे गाणे माझ्या नजरेस पडलेले नाही. तिसऱ्या कडव्याला आजी अडल्या. शेजारच्या आत्याबाईंनी पुढची ओळ सांगितली, तर आजी म्हणाल्या, "न्हाय, तसं नव्हतं ते." आत्याबाई म्हणतात तसंच होतं. दोघींची जुंपली. विहारात हसू पिकले.

मुलीने दोन्ही ओळी वहीत उतरवून घेतल्या आहेत आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकले आहे. देशवंडीला दादांच्या बरोबर कोरसला बसलेले एक गृहस्थ अजून आहेत म्हणतात. पुढच्या रविवारी मी, ती मुलगी आणि आजी सकाळच्या एस.टी.ने सिन्नरला निघणार आहोत. आत्याबाई पण येतो म्हणतात, आपली ओळ खरी आहे हे त्यांना सिद्ध करायचे आहे.